वैनीचा वाटा

आमच्या आईला धुण्याभांड्याला पाणी फार कमी लागायचं. बाया म्हणायच्या, काय हात आहे बाईचा. हात कसला डोंबलाचा, दुष्काळ होता तो. अहमदपूरच्या बाजूला आमचं गाव. तो मोठा दुष्काळ पडला तेव्हा आमच्या आळीचा आड सगळ्यात आधी आटला, आणि गावाच्या विहिरीला आम्ही हात लावायचा नाही अशी रीत. आम्ही बौद्ध झालो होतो, पण विहिरीला ते कुणी सांगितलं नव्हतं. आई घागर घेऊन कडेला बसून राहायची. वरच्या आळीच्या एखाद्या बाईला दया आली की ती वरून धार सोडायची. कधी घागर भरायची, कधी निम्मीच घेऊन आई परत यायची. तेवढ्यात पिणं, रांधणं आणि आमची तोंडं धुणं. भांड्याला आणि लुगड्याला उरणार काय, कपाळ?

मग आई बिनपाण्याचं शिकली. तुराट्यांची राख फडक्यातून गाळून ठेवायची आणि भांडी कोरडीच घासायची, वरून फक्त ओलं फडकं. चिंचेचा कोळ काढून राहिलेला चोथा पितळेला. आणि कपड्याला हिंगणबेट. आमच्या शिवारात हिंगणबेटाची काटेरी झाडं होती. सगळं रान वाळून कोळसा झालं तरी ती निबर झाडं उभीच. खारकेएवढं फळ, साल काढली की आत चिकट गर. तो तांब्याभर पाण्यात चोळला की फेसच फेस. एका पाण्यात लुगडं निघायचं. ते पाणीसुद्धा आई टाकत नव्हती. त्यात पायपुसणं धुवायची आणि मग उंबऱ्याबाहेर शिंपायची.

खायचंही तसंच. रेशनवर सरकारी तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी तव्यावर तडकायची. आई आधी कण्या शिजवायची आणि त्यात पीठ मळायची, मग भाकरी एकसंध यायची. आम्हाला ती गोड लागायची. आता बाजारात काचेच्या बरणीत 'घरगुती', 'नैसर्गिक' असं लिहून रिठ्याचं पाणी विकतात ना, ते बघितलं की माझं डोकंच फिरतं. आमच्या घरी ते फॅशन म्हणून आलं नव्हतं.

मी शाळेच्या शेवटच्या वर्गात होते तेव्हा लातूर जिल्हा झाला. वडील तहसिलात कारकून होते, त्यांची बदली नव्या कार्यालयात झाली. तेव्हा लातुरात जिथं बघावं तिथं नव्या पाट्या. कुठल्यातरी जुन्या इमारतीत टेबलं मांडून कचेऱ्या सुरू, आणि चारी बाजूंनी नोकरदार माणसं येऊन खोल्या शोधतायत. आम्हाला गावाच्या कडेला ओळीतल्या दोन खोल्या मिळाल्या. खाली शहाबादी फरशी, मागं अंगण, आणि शेजारच्या अंगणात आणि आमच्यात कमरेएवढी दगडी भिंत.

भिंतीपलीकडं निलंग्याकडच्या काकू राहायच्या. नवरा बांधकाम खात्यात, घरात म्हातारी सासू, एक माझ्याएवढी मुलगी आणि अंगणात म्हैस. काकू उंच, गोऱ्या, आणि केस म्हणजे गुडघ्यापर्यंत. त्या केसांचा त्यांना लई अभिमान. पण तिथल्या बोअरचं पाणी खारं. साबण लावा नाहीतर वीट घासा, फेस म्हणून येणार नाही. काकूंच्या केसांच्या जटा व्हायला लागल्या. एक दिवस त्या भिंतीशी आल्या आणि आमच्या कपड्यांच्या दांडीकडं बघत म्हणाल्या, "अक्का, ह्या खाऱ्या पाण्यात तुमचं लुगडं कसं ओ निघतंय असं?"

आईनं त्यांना हिंगणबेट दिलं. केसांसाठी शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा आणि मूठभर मेथ्या कुटून दिल्या. पुढच्या आठवड्यात काकू केस मोकळे सोडूनच भिंतीशी आल्या. "बघा अक्का, कसं रेशीम झालंय," म्हणाल्या. आई म्हणाली, "बांधा की वैनी ते, म्हैस वैरण समजून ओढंल." दोघी हसत राहिल्या, आणि तिथून त्यांचं जमलं.

जमलं म्हणजे काय, दुपारची कामं आवरली की दोघी भिंतीला टेकून उभ्या. दर उन्हाळ्यात आई उखळात शिकेकाई कुटायची, आणि काकू पलीकडून चाळणी धरायच्या. कडुलिंबाचा पाला उकळून फरशी पुसायची, भांड्याला राख किती बारीक हवी, हे सगळं काकू आईकडून शिकल्या. त्यांच्याकडून ताक यायचं, खरवस यायचा. वाटी भरून यायची आणि जाताना पूड भरून जायची. खायची वस्तू त्या बाजूनं ह्या बाजूला येते, ह्या बाजूनं त्या बाजूला कधी जात नाही, हे मला कळायला वेळ लागला. आईला लागला नव्हता.

"माझ्या हातचं तिनं एकदा खावं," असं ती एकदा चुलीपुढं बसून बोलली. मी भाकरी खात होते. मी म्हटलं, "न्हाई खाल्लं तर काय बिघडलं?"

"तुला न्हाई कळायचं. विहिरीवर पाणी वरून ओतणाऱ्या बाया व्हत्या, त्यांचं मला काही न्हाई. त्या माझ्या कोण? पण ही माझी मैतरीण हाय."

बुद्धपौर्णिमेला आईनं गव्हाची खीर केली. गहू भिजवून, कांडून, वर गूळ, खोबरं, सुंठ, खसखस. पितळेचं पातेलं चिंचेनं लख्ख घासलं, त्यात खीर भरली आणि भिंतीवरून दिली. काकू म्हणाल्या, "अय्या, हुग्गी!" त्यांच्याकडं कानडी मुलूख जवळ, तिकडं ह्या खिरीला हुग्गी म्हणतात. त्यांनी पातेलं हसून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते परत आलं, घासूनपुसून, आणि आत गुळाचा खडा, कारण रिकामं भांडं परत करू नये. आई दिवसभर गुणगुणत होती.

संध्याकाळी ती भाजीचे देठ म्हशीला टाकायला भिंतीशी गेली. रोजच जायची. त्या दिवशी तिथंच थांबली. मी मागून गेले. म्हशीच्या टोपल्यात, कडब्याच्या चुऱ्यात, फुगलेले गहू चिकटले होते. खोबऱ्याचे तुकडेसुद्धा.

आईनं देठ टाकले नाहीत. घेऊन परत आली आणि रात्री जेवली नाही.

सकाळी काकू नेहमीसारख्या भिंतीशी आल्या. त्यांना न्हायचं होतं, वाटी पुढं केली. आईनं वाटीला हात लावला नाही. आवाजही चढवला नाही. "वैनी," ती म्हणाली, "माझी शिकेकाई डोक्यावर घेता अन् माझी खीर म्हशीला घालता. माझ्या हातचं डोक्याला चालतंय अन् पोटाला चालत न्हाई व्हय?"

काकूंचं तोंड उतरलं. मग हळूच म्हणाल्या, "मी खाल्ली असती अक्का. आत्याबाई हायेत ना घरात. जुनं माणूस, त्यांना चालत न्हाई."

"ठीक हाय. त्यांना न्हाई चालत तर तुमी हितं येऊन खा. एक घास खायचा, मग वाटी भरून न्यायची. न्हाई तर न्हाई."

काकू रिकामी वाटी घेऊन गेल्या. त्यांनी परत साबण लावायला सुरुवात केली आणि केस पुन्हा राठ झाले. पण गंमत बघा, आईचा राग दोन दिवसांत विरघळला. ती म्हाताऱ्या सासूवर खापर फोडून मोकळी झाली. "बिचारी," म्हणायची, "तिच्या मनात हाय. म्हातारी आडवी हाय मधी." त्याच उन्हाळ्यात शिकेकाई कुटली तेव्हा एक वाटा वेगळा काढून डब्यात ठेवला. मी विचारलं कुणाचा, तर म्हणाली, "वैनीचा. म्हातारी काय जल्माला पुरती का?"

आणि एका पावसाळी दुपारी ती म्हातारीच काठी टेकत आमच्या दारात आली. आईनं उडदाच्या डाळीचं घुटं केलं होतं, लसणाची फोडणी गल्लीभर गेली होती. म्हातारी उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "काय शिजवायलीस गं? लई वास सुटलाय."

आई गोंधळून उभी राहिली. "घुटं हाय. पण तुमाला चालतंय का आजी, आमच्यातलं?"

"न चालायला काय झालं?" म्हातारी आत येऊन खाली बसलीसुद्धा. "दुष्काळात मी दगड फोडायला होते. दुपारी सगळ्यांना सरकारी सुकडी वाटायचे. ते पातेलं कोण ढवळतंय, कुणी विचारलं का? तव्हापासून मी सोडलंय ते. आन इकडं."

आईनं ताट केलं. म्हातारीनं भाकरी कुस्करली, घुट्यात कालवली आणि बोळक्या तोंडानं चवीनं खाल्ली. खाता खाता म्हणाली, "ती हुग्गी बी तुझीच व्हती न्हवं? मी मागितली सुनंला. तर म्हणली, म्हशीला घातली. चांगली खोबरं घातल्याली हुग्गी."

आईनं भाकरीची टोपली पुढं ओढली. म्हातारीला आणखी वाढलं, हात धुवायला पाणी दिलं, भिंतीपर्यंत पोचवून आली. मग चुलीपुढं बसली आणि रडली. मी म्हटलं, "आई, आजीनं खाल्लं की. मग रडतीस कशाला?"

"म्हातारी आडवी हाय असं मला वाटत व्हतं," ती म्हणाली. "आडवं कुणीच न्हवतं गं."

सासूनं घरी जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पण त्यानंतर काकू भिंतीशी येईनाशा झाल्या. आम्ही अंगणात असलो की त्या आत. म्हातारी मात्र येतच राहिली, जेवूनही जायची. आई तिला मायेनं वाढायची, पण नजर भिंतीकडं. एका घासासाठी माणूस किती झुरतं ते मी तेव्हा बघितलं. मला खरं तर त्या काकूंचा संताप यायचा. मी म्हणायचे, "जाऊ दे ना त्या बयेला. तिच्या घासानं आपण काय मोठे होणार का?" आई म्हणायची, "मोठं कुणाला व्हायचंय? मला ती पायजे."

मग त्यांची नांदेडला बदली झाली. आम्हाला म्हातारीनंच सांगितलं. जायच्या दिवशी सकाळी टेम्पो आला आणि त्यांचं सामान चढायला लागलं. आधी चूल निघाली. शेजारचं घर हलतं तेव्हा वाटेचं जेवण शेजारणीनं द्यायचं असतं. आई पहाटेच उठली होती. ज्वारीच्या पिठात बेसन, कणीक, कोथिंबीर, तीळ, ओवा. पाट्यावर मिरच्या-लसूण वाटत होती आणि डोळे भिंतीकडं. गाडगी गेली, खाट गेली, म्हैस विकली होती ती आधीच गेली होती. ओल्या फडक्यावर थापून आईनं धपाट्यांची चळत उतरवली, थोडे आमच्यासाठी ठेवले, बाकीचे जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधले. दुसरं गाठोडं शिकेकाईचं, डब्यात साठवलेला तो वाटा.

काकू टेम्पोजवळ उभ्या होत्या. आई पहिल्यांदाच भिंत सोडून रस्त्यावरून त्यांच्या दारात गेली. मी बरोबर होते. तिनं दोन्ही गाठोडी पुढं केली.

"हे डोक्याला, हे पोटाला," ती म्हणाली. "आता एका घासाची अट न्हाई. पोटाचं टाकायचं असलं तर टाका वैनी. पण माझ्या डोळ्यामागं टाका, एवढं करा."

काकूंनी मान वर केली नाही. दोन्ही गाठोडी पदरात घेतली. "येते अक्का," एवढंच म्हणाल्या. म्हातारीनं टेम्पोत पुढं बसल्या बसल्या आईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि टेम्पो अहमदपूरच्या रस्त्याला लागला.

आम्ही घरी येऊन जेवायला बसलो. पहिला घास मी घेतला. चावला आणि आईकडं बघितलं.

"आई, मीठ?"

तिनं तुकडा तोंडात टाकला. तिचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. खडेमीठ पाट्याशेजारी वाटीत तसंच होतं. तिनं सगळं घातलं होतं, मीठच राहिलं होतं. जन्मात कधी तिचा हात चुकला नव्हता, तो नेमका त्या दिवशी चुकला.

"टाकले असतील तर बरं व्हईल गं," ती म्हणाली. ज्या बाईनं एक घास खावा म्हणून ती वर्षानुवर्षं झुरली, तिनं तो घास टाकावा म्हणून ती आता मनोमन विनवत होती. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "पर टाकले असतील का?"

हा प्रश्न तिला पुढं जन्मभर पुरला. काकूंकडून पत्र नाही, निरोप नाही. नांदेड काय सातासमुद्रापलीकडं आहे? एसटीनं गेलं तर दुपारच्या आत पोचतं माणूस. पण आई गेली नाही. "तिनं बोलवावं," म्हणायची. पीठ मळताना आधी मिठाची चिमूट घालायची, कच्चं पीठ जिभेला लावून बघायची आणि स्वतःशीच म्हणायची, "खाल्ले असतील तर अळणीच खाल्ले बिचारीनं." दर उन्हाळ्यात शिकेकाई कुटली की वैनीचा वाटा डब्यात. वर्ष संपलं की तो आम्ही वापरायचो आणि नवा भरायचा. मी चिडायचे. माझं लग्न झालं, मला नोकरी लागली, लातूर केवढं वाढलं, ती भिंत पडून तिथं दुकानं झाली, तरी तो वाटा काही बंद झाला नाही.

मागच्या उन्हाळ्यात आई गेली. तिच्या फडताळात तो डबा सापडला, भरलेला. मी तो उघडून कितीतरी वेळ नाकाशी धरून बसले. मलाही शिकेकाई कुटता येते, सगळं तेच घालते, पण तो वास काही येत नाही. त्याच सुमारास एका लग्नात काकूंची मुलगी भेटली. तिच्याकडून पत्ता घेतला आणि एका रविवारी मी डबा पिशवीत घालून नांदेडच्या एसटीत बसले. वाटेत खायला धपाटे करून घेतले होते.

काकू ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या. केस पांढरे, सुपारीएवढा अंबाडा. त्यांनी मला आधी ओळखलं नाही. मी लातूरच्या भिंतीचं सांगितलं तेव्हा त्या सरळ बसल्या. "अक्का कशी हाय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. मी डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "तुमचा वाटा हाय. दर वर्षी काढून ठेवायची." त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि रडायला लागल्या.

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "मला वाटलं व्हतं, तुझ्या आईनं मला तोडलं."

"तोडलं? कधी?"

"त्या धपाट्यात मीठ न्हवतं गं," काकू म्हणाल्या. "अहमदपूरच्या पुढं झाडाखाली टेम्पो थांबवला. आत्याबाई म्हणल्या, अळणी हायेत, टपरीवरून मीठ मागव. मी न्हाई आणू दिलं. मला कळलं व्हतं ना. अक्कासारखी सुगरण मीठ विसरती का? तिनं मुद्दाम केलं. तिचं म्हणणं, तू माझी खीर म्हशीला घातलीस, आता माझं मीठ तुला खाऊ देनार न्हाई. तुझ्या-माझ्यात मिठाचं नातं न्हाई. बरोबरच व्हतं तिचं. मी तसेच खाल्ले. रडत खाल्ले, पर एक बी टाकला न्हाई. मग कुठल्या तोंडानं यायचं सांग तिच्या दारात?"

ही बाई इकडं आणि आई तिकडं, मध्ये एक एसटीचा रस्ता. आणि मी त्यातली, जिला सगळं दिसत होतं आणि काहीच माहीत नव्हतं.

"विसरली व्हती काकू," मी म्हणाले. "खरंच विसरली. तुमचं सामान चढताना बघत मिरच्या वाटत व्हती. आमचे बी अळणीच व्हते."

काकू माझ्याकडं बघत राहिल्या. "विसरली?" त्यांनी विचारलं. मग पुन्हा, अगदी हळू, "विसरली व्हती?"

मी मान हलवली. मग मी पिशवीतून माझा जेवणाचा डबा काढून त्यांच्यापुढं उघडला. त्यांनी धपाट्याचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि डोळे मिटून सावकाश चावत राहिल्या.

"ह्यात हाय," त्या म्हणाल्या.

"पण आईच्या हातचं न्हाई ते," मी म्हणाले.

"न्हाई," त्या म्हणाल्या, आणि दुसरा तुकडा मोडला.